उसनं बी

हिर्डोशीचं घर बंद करून चिमाजी भोरला मुलाकडे राहायला आला, तेव्हा त्याच्याबरोबर एक पत्र्याची पेटी, एक घोंगडी आणि एक मडकं एवढंच सामान होतं. पेटी आणि घोंगडी टेम्पोच्या हौद्यात टाकली. मडकं त्यानं मांडीवर घेतलं आणि पुढं हनुमंतच्या शेजारी बसला.

"आबा, मडकी भोरातबी मिळतात," वळण घेता घेता हनुमंत म्हणाला.

"ह्यात बी हाय."

"कशाचं?"

"तुझ्या आईचं."

हनुमंतनं टेम्पोचा वेग कमी केला. रतनबाईचे दिवस होऊन महिना झाला होता.

मडक्यात चुलीची राख होती आणि राखेत एक पुरचुंडी. आधी पुष्कळ होत्या. डांगराची, दोडक्याची, काकडीची, भेंडीची. दिवसकार्याला आलेल्या बायका एकेक मागून घेऊन गेल्या, तशी रीतच होती. घेवड्याची मात्र कुणी मागितली नाही. ती तशीच राहिली. हा वेलाचा घेवडा रतनबाईनं विंझरहून, माहेराहून आणला होता. दाणा काळा आणि त्याच्या कडेला पांढरी रेघ. लग्न झाल्यापासून तिनं तो दर साली लावला आणि दर साली त्याचं बी धरलं. गेल्या साली लावायच्या दिवसांत मात्र ती पुण्याला दवाखान्यात होती, आणि चिमाजी दवाखान्याच्या बाकड्यावर. घेवड्याचं बी एक साल नीट निघतं. दुसऱ्या सालाला निम्मं उगवतं. तिसऱ्याला आतून भुंग्यानं खाल्लेला पोकळ दाणा हातात येतो. म्हणजे येत्या पावसाळ्यात लावलं तर लावलं, नाहीतर तिचं बी संपलं.

एवढं चिमाजीला माहीत होतं. घेवड्यातलं बाकी त्याला काही माहीत नव्हतं. त्याचं काम भात, नाचणी आणि बैल. दाराशी चढणारे वेल बायकांचे. त्यानं जन्मभर घेवडा खाल्ला होता, लावला कधीच नव्हता.

हनुमंतचं घर भोरच्या बाहेर पडणाऱ्या रस्त्यावरच्या एका कॉलनीत होतं. कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा होती. नकाशात ती सगळ्यांची म्हणून सोडलेली, त्यामुळं ती कुणाचीच नव्हती. फुटकी कमोडं, जुन्या गाद्या, लग्नातल्या पत्रावळी असलं सगळं तिथं जाऊन पडायचं. लताताई नावाच्या एक बाई नोकरीतून लवकर बाहेर पडल्या आणि त्यांनी हा उकिरडा हलवायचं मनावर घेतलं. आधी त्या एकट्याच पाटी उचलायच्या. मग लाजेकाजेनं दोघं-चौघं आले. आता तिथं वाफे होते. ज्यांनी मागितला त्या घराला एक वाफा, पाणी पाळीनं. मेथी, पालक, वांगी निघायची. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लोकांना एकमेकांची नावं कळली. तोवर पांढऱ्या गाडीवाले आणि वरच्या मजल्यावरचे एवढ्यावरच भागत होतं.

चिमाजी दिवसभर गॅलरीत बसून रस्ता बघायचा. सून अश्विनी कामथडीची, शेतकऱ्याच्या घरातली. सासऱ्याचे रिकामे हात तिला बघवत नव्हते. ती लताताईंकडे गेली आणि कोपऱ्यातला एक वाफा मागून घेतला.

"मामा, पाऊस पडला की तुमचा घेवडा तिथं लावा," ती म्हणाली. "तारेचं कुंपण आहे. वेल चढंल."

चिमाजी उठून वाफा बघून आला. माती बरी होती.

वैशाख लागला. पाणी कमी झालं तसे लोकांनी वाफे मोकळे सोडले. चिमाजी मात्र रोज जायचा. कोपऱ्यात तारेच्या जाळीचा एक मोठा कप्पा होता आणि तो वाळक्या पाल्यानं गच्च भरलेला होता. शेजारी विटांचा हौद. त्यात भाज्यांची देठं, पाला आणि शेण थरांनी घातलेलं. ते काय आहे हे चिमाजीला कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं असं कुणाला वाटलंच नाही, कारण कॉलनीत ते लहान पोरांनाही माहीत होतं.

चिमाजीला जे दिसलं ते वेगळंच होतं. पाला गोळा केलाय. शेण आणून टाकलंय. वैशाख लागलाय आणि वाफे मोकळे आहेत. ही राबाची तयारी. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात भाताचं रोप टाकायच्या जागेवर पाला, टहाळं, शेण पसरतात, वर मातीचा हात देतात आणि पाऊस यायच्या आत ते भाजून काढतात. तणाचं बी जळतं, राख मुरते, रोप जोमानं येतं. चिमाजीचा बाप तेच करत आला आणि चिमाजीही. इथं सगळं जमवून ठेवलेलं होतं, भाजायला तेवढं माणूस नव्हतं. नोकरीवाली माणसं, त्यांना सवड कुठली, असं त्याच्या मनात आलं. रोज बघून बघून त्याला ते काम अर्धवट राहिल्यासारखं वाटायला लागलं.

एका दिवशी उजाडायच्या सुमाराला, वारा पडलेला असताना, तो खाली गेला. जाळीतला पाला त्यानं सगळ्या वाफ्यांवर सारखा पसरला. एकट्याच्या वाफ्यापुरतं करणं त्याला बरं वाटेना. हौदातलं ओलसर होतं ते खोऱ्यानं काढून वर मातीसारखं दिलं. कडेनं पाणी मारून घेतलं. मग खालच्या अंगाला काडी लावली आणि फावडं घेऊन उभा राहिला. काम चांगलं झालं. आग कुठं पळाली नाही. कुंपणालासुद्धा झळ लागू दिली नाही त्यानं.

धूर मात्र झाला. ओल्या शेणाचा दाट पांढरा धूर बाल्कन्यांतून घराघरांत शिरला. माणसं खोकत बाहेर आली. लताताई गाऊनवर ओढणी घेऊन आल्या आणि फाटकाशी थांबल्या.

"काका, हे काय केलंत?"

"राब भाजला," चिमाजी म्हणाला. "समद्यांचंच वाफं घेतलं. एकल्याचा कशाला?"

"ते खत होतं."

"व्हय. राख मुरली की खतच हुतंय."

"नाही काका. ते खत झालेलं होतं. पावसाआधी मातीत घालायचं होतं."

चिमाजीनं धुमसणाऱ्या वाफ्यांकडे बघितलं. त्याला ते एकदम कळलं नाही. हळूहळू कळलं.

गंगाधरपंत तोवर येऊन उभे राहिले होते. कॉलनीचं काही ठरवायचं असलं की ते ठरवायचे. ऑफिसातून निवृत्त झाले तरी खिशाला पेन असायचं. "होळी होऊन गेली, चिमाजीराव," ते म्हणाले. "तुमची राहिली होती का? माझे शर्ट दोरीवर होते. धुरी दिलीत चांगली. आता पिशाच्च जवळ यायचं नाही."

दोघं-तिघं हसले. लताताई हसल्या नाहीत. त्यांनी एक काडी घेतली, वाफ्याच्या कडेला बसल्या आणि राख बाजूला सारून बघायला लागल्या. हौदात त्यांनी गांडुळं सोडली होती. ती त्या शोधत होत्या. जिथं बघितलं तिथं मिळाली नाहीत. मग त्या उठल्या, हात झटकले आणि घरी गेल्या. कुणी शिव्या दिल्या असत्या तर चिमाजीला बरं वाटलं असतं.

रविवारी संध्याकाळी बागेतल्या बाकापाशी सगळे जमले. हनुमंतही आला आणि मागं उभा राहिला. बोलले गंगाधरपंतच. पलीकडे गाड्या लावलेल्या असतात, त्यांत पेट्रोल असतं, शेजारी लहान मुलं झोपलेली असतात. बोलणं खोटं नव्हतं. शेवटी ठरलं की या वर्षी चिमाजीचा वाफा दुसऱ्या कुणाला द्यावा.

"लताताई, तुमचं काय म्हणणं?" गंगाधरपंतांनी विचारलं.

"माझं काही म्हणणं नाही," त्या म्हणाल्या. "वर्षभर घरोघरची बादली मी उचलली. आता परत उचलायची, एवढंच."

चिमाजी म्हणाला, "पाला म्या आनून दितो."

"आणा की," गंगाधरपंत म्हणाले. "वाफ्याचं पुढच्या वर्षी बघू."

"फुडल्या वर्षी जमायचं न्हाई. बी म्हातारं झालंय."

"आपण तरी कुठं तरुण राहिलोय?"

पुन्हा हसले लोक. चिमाजीनं "बरं" म्हटलं.

घरी आल्यावर हनुमंत चप्पल काढता काढता म्हणाला, "इचारायचं तरी, आबा. इचारून काही मोडतं का माणसाचं? चार लोकांत मान खाली घालायची येळ आली."

"जेवा आधी," अश्विनी मधे पडली. "मामा, आपण डब्यात लावू घेवडा. रंगाचा मोठा डबा आहे मोकळा."

चिमाजी जेवला नाही असं नाही. जेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं हिर्डोशीची एसटी धरली. दोन कामं होती. पाला आणायचा आणि बियाचं बघायचं. रतनबाईनं गावात दारोदार घेवडा दिला होता, म्हणजे कुणाकडे तरी ताजं बी असणार. ते मिळालं तर म्हाताऱ्या बियाची काळजी मिटली.

थोरली वहिनी ओट्यावर नाचणी पाखडत होती. तिचे डोळे अधू झाले होते. पावलांवरून तिनं ओळखलं.

"आलं का भावजी? हाकलून दिलं का लेकानं?"

"अजून न्हाई," चिमाजी म्हणाला आणि घोटभर पाणी पिऊन त्यानं राबाची हकिकत सांगितली. वहिनी सूप खाली ठेवून हसली. तिला हसू आवरेना.

"लोकांच्या दारात जाऊन राब भाजला," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "रतन आसती तर तुमाला घरात घेतलं नसतं."

"वैनी, तिनं दिल्याला घेवडा आसंल ना तुमच्याकडं?"

"कुठला? वानरं आल्यापासनं येल दिसला न्हाई. रतन तेवढी राखत बसायची, बाकी हितं कुनाच्याच दारात ऱ्हायला न्हाई त्यो. म्हनून तर कुनी मागितला न्हाई दिसाला."

"मंग म्या आपल्या दारात लावून जाऊ?"

"लावा की. राखनार कोन? मला दिसत न्हाई आन् वानरांना चांगलं दिसतंय."

चिमाजीनं मान वर केली. समोर त्याचं बंद घर होतं. कडीला कुणीतरी सुतळी बांधली होती.

"रतन बी का वाटायची, ठावं हाय का तुमाला?" वहिनीनं सूप पुन्हा हातात घेतलं. "तुमी म्हनायचा, बाई उधळी हाय, पदरात काय ठिवत न्हाई. ती म्हनायची, बी एका उंबऱ्याच्या आत ठिवू नये. आपल्या दारचं बुडालं तर दुसऱ्याच्या दारातनं मागून आनता येतं. उसनं दिल्यालं आसतंय त्ये. उधळल्यालं न्हाई."

"आता उसनं देऊ कुनाला? हितं माकडं."

"आन् तिकडं दारं न्हाईत का?"

चिमाजी उठला. बांधावरच्या ऐनाखालचा आणि आंब्याखालचा पाला त्यानं झाडून पोत्यांत भरला. शेण्या नाहीत पण सुकं शेण वहिनीच्या गोठ्यातनं मिळालं. भोरकडे जाणाऱ्या टेम्पोवाल्यानं पोती टाकू दिली. कॉलनीत पोचल्यावर त्यानं जाळीचा कप्पा पुन्हा भरला आणि शेण हौदात ओतलं. हे जुन्याची भरपाई नव्हती, हे त्यालाही कळत होतं. पाल्याचं खत व्हायला पावसाळा जावा लागतो.

मग त्यानं मडक्यातली पुरचुंडी काढली आणि सोडली. मूठभरच बी होतं. थोडं स्वतःला ठेवून बाकीचं रुमालात घेतलं आणि तो घराघरांत फिरला. पहिल्यांदा लताताईंकडे.

"काका, पाल्याचं झालं ना आता? पुन्हा कशाला?" त्या म्हणाल्या.

"त्याचं न्हाई. ह्ये घरच्या घेवड्याचं बी. उसनं हाय."

"म्हणजे?"

"लावायचं. आलं तर माज्या मुठीएवढं परत द्यायचं. न्हाई आलं तर फिटलं."

लताताईंनी तळहातावर दाणे घेतले. "भिजवून लावायचं का?"

"ठावं न्हाई."

"किती खोल?"

"मालकीन अंगठ्यानं दाबायची. कुंपनाच्या कडंला. किती त्ये म्या बघितलं न्हाई कदी."

लताताई त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसल्या. "बघायला हवं होतं, काका."

"व्हय," चिमाजी म्हणाला. "आनखी एक. एका येलाला ती चिंधी बांधायची. त्याच्या शेंगा तोडू द्यायची न्हाई. वाळू द्यायची. त्ये बियाचं."

हेच त्यानं प्रत्येक दारात सांगितलं. कुणी बी कागदात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवलं, कुणी कुंडीत टाकलं. गंगाधरपंतांनी चष्मा लावून दाणे मोजल्यासारखे बघितले. "म्हणजे आता आम्ही तुमची कुळं झालो म्हणायचं," ते म्हणाले. त्यांच्या बायकोनं, सुमतीबाईंनी, हातातलं काम सोडून बी घेतलं आणि पदराला बांधलं.

स्वतःच्या वाट्याचं बी चिमाजीनं मृग लागल्यावर पाण्यात टाकलं. मग निथळून गोणपाटात बांधलं आणि वर दगड ठेवला. भाताला तो असाच मोड आणत असे. मोड आलेलं बी पेरलं की वाया जात नाही, असा त्याचा हिशोब होता. दगड उचलायची घाई त्यानं केली नाही. शेवटी अश्विनीनं दाराशी येऊन नाकाला पदर लावला.

"मामा, कसला वास सुटलाय?"

गोणपाट सोडलं तर आत दाण्यांचा बुळबुळीत लगदा झाला होता. बोट लावलं की सालपट सुटून हातात येत होतं.

"घेवडा आहे हा, मामा. भात नव्हे," अश्विनी म्हणाली. "उसळ करायची होती का?" असं बोलून गेली आणि मग तिनं सासऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. तिनं तो लगदा उचलून हौदात नेऊन टाकला.

आता चिमाजीकडे एक दाणासुद्धा नव्हता. जे काही होतं ते लोकांच्या दारात होतं, आणि त्या लोकांना घेवड्यातलं त्याच्याइतकंच कळत होतं.

पाऊस झाला. रोज पाऊस उघडला की तो छत्री घेऊन फिरायला निघायचा. काही कुंड्यांत काहीच उगवलं नाही. एकाच्या दारात उगवलं ते गोगलगायींनी एका सकाळी साफ केलं. देव्हाऱ्यातलं बी देव्हाऱ्यातच राहिलं, त्या घरात विसरले. वेल धरला दोनच ठिकाणी. गंगाधरपंतांच्या गेटवर आणि लताताईंच्या मागच्या अंगणात. लोक त्याला बघितल्यावर आपणहून सांगायचे, आमचं गेलं हो काका. पोरगी बघून गेलेल्या घरानं नकार कळवावा तसं, जरा कानकोंडं होऊन. चिमाजी म्हणायचा, असू द्या.

गंगाधरपंतांचा वेल मोठा तालेवार निघाला. दसऱ्यापर्यंत गेट झाकून गेलं. जांभळी फुलं आली. पंत सकाळी पेपर घेऊन वेलाखाली बसायला लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले, की हे बी विंझरचं आहे, बाजारात मिळत नाही. सुमतीबाईंनी एका फांदीला लाल चिंधी बांधली. चिमाजीनं ती लांबूनच बघितली आणि त्या दिवशी पोळी जास्त खाल्ली.

लताताईंचा वेल तसा मरगळलेला होता. अंगण मागच्या बाजूला, ऊन कमी. दिवाळी झाली आणि पुण्याला त्यांच्या मुलाला, प्रद्युम्नला, मुलगी झाली. घराला कुलूप लावून त्या गेल्या.

मार्गशीर्षात रतनबाईचं वर्षश्राद्ध आलं. हिर्डोशीची माणसं यायची होती, विंझरहून तिचा भाऊ यायचा होता. आदल्या दिवशी सुमतीबाई पाटीभर घेवडा घेऊन आल्या. हिरव्या, टपोऱ्या शेंगा. पाटी अश्विनीच्या पुढं ठेवून त्या म्हणाल्या, "त्यांच्याच वेलाचा आहे. उद्या पानात त्यांचाच घेवडा असू दे."

अश्विनीनं भाजी चांगली केली. विंझरचा मेव्हणा म्हणाला, "ह्यो तर आईच्या हातचा." चिमाजी जेवला. चव तीच होती.

पाहुणे गेल्यावर तो गंगाधरपंतांच्या गेटशी गेला. वेल होता, पानं होती, शेंग एकही नव्हती. लाल चिंधी होती. तिच्या फांदीलाही काही नव्हतं.

"चिंधीच्यापन तोडल्या?" त्यानं विचारलं.

सुमतीबाई दारात आल्या होत्या. "पाहुणे पुष्कळ येणार म्हणाली अश्विनी. पुरायला नकोत का?" मग त्या थांबल्या. "मला वाटलं, तुमच्याच घरच्या कार्याला जातायत. दुसऱ्या कुणाला मी दिल्या नसत्या, भाऊ."

चिमाजीनं वेलाकडं बघितलं आणि मग त्यांच्याकडं. "भाजी ग्वाड झाली व्हती," तो म्हणाला.

वेलाला पुन्हा बहर आला नाही. थंडीत मावा पडला आणि पानं काळी पडली. गंगाधरपंतांनी औषध मारलं, पण उपयोग झाला नाही. ते पेपर घेऊन आत बसायला लागले. चिमाजी दिसला की म्हणायचे, "चुकलंच आमचं." एकदा तर म्हणाले, "तुम्ही खत जाळलंत, आम्ही बी खाल्लं. बैठक बोलवायची म्हटली तर बोलवणार कोण?"

राहिला लताताईंचा वेल. तो बंद घराच्या मागं होता. बोळात उभं राहिलं की भिंतीवरून पाण्याच्या टाकीपर्यंत चढलेला तेवढा दिसायचा. पाणी घालायला कुणी नव्हतं. पानं पिवळी झाली, मग गळायला लागली. शेंगा आहेत की नाहीत हे खालून कळत नव्हतं. हनुमंत म्हणाला, भिंतीवरून उडी मारून बघतो. चिमाजी नको म्हणाला. न विचारता लोकांच्या जागेत एकदा जाऊन झालं होतं.

भोगीच्या आदल्या दिवशी लताताई आल्या. सामान आत ठेवलं, मागचं दार उघडलं आणि तशाच चिमाजीकडे आल्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"काका, मला माफ करा. माझ्याकडून राहूनच गेलं. बाळाच्या गडबडीत कुणाला किल्लीसुद्धा देऊन गेले नाही. सगळा वेल वाळून गेलाय. शेंगा होत्या हो, पण तोडायला कुणी नव्हतं. सगळ्या वाळून खडखडीत झाल्या. एकही खाण्यासारखी राहिली नाही."

चिमाजी गॅलरीतल्या खुर्चीवरून उठला. "चला," एवढंच म्हणाला.

मागच्या अंगणात वेल टाकीच्या पाइपवर काड्यांसारखा लटकत होता. शेंगा तपकिरी झाल्या होत्या. चिमाजीनं एक तोडली, कानाशी नेली आणि हलवली. मग दुसरी. मग तो पायरीवर बसला. लताताईंनी शेंगा काढायला घेतल्या आणि त्याच्या पुढ्यात टाकत गेल्या.

"वाजतायत का?" त्यांनी विचारलं.

"वाजत्यात."

शेंगा फोडता फोडता त्याचा अंगठा दुखायला लागला. काही दाणे सुरकुतलेले होते, काहींना भुंग्यानं भोक पाडलं होतं. ते त्यानं बाजूला केले. बाकीचे काळे, कडेला पांढरी रेघ असलेले, परातीत पडत गेले. शेवटी त्यानं एक मूठ भरून रुमालात घेतली आणि परात लताताईंकडे सरकवली.

"हे काय? सगळं तुमचंच आहे, काका."

"मूठ ठरली व्हती, मूठ घेतली. फिटलं. ह्ये तुमचं. तुमच्या उंबऱ्याच्या आत ऱ्हाऊ द्या."

"बरं. फ्रीजमध्ये ठेवू?"

"राखंत."

"राख कुठून आणू? कॉलनीत चूल कुणाकडे आहे?"

चिमाजीनं विचार केला. खरंच कुणाकडे नव्हती. बागेतली त्याची राख पावसानं कधीच वाहून गेली होती. तो घरी गेला आणि मडकं काढलं. आतली राख हिर्डोशीच्या चुलीतली होती, रतनबाईनं चाळून भरलेली. मऊ होती. त्यानं त्यातली निम्मी वर्तमानपत्रावर ओतली, कागदाची पुडी केली आणि लताताईंना नेऊन दिली. त्यांनी ती स्टीलच्या डब्यात रिकामी केली.

बाहेर बोळात गंगाधरपंत उभे होते. बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती.

"चिमाजीराव, पुढच्या साली आम्हाला पुन्हा मिळेल का उसनं?"

"मिळंल. पन चिंधीच्या येलाला हात लावायचा न्हाई."

"घरात कार्य असलं तरी?"

"कार्य आसलं तरी."

पंत मान हलवून गेले. चिमाजी घरी आला. जुनीच चिंधी घेऊन त्यानं दाणे बांधायला घेतले. गाठ बसेना. रतनबाई एका हातानं बांधायची. त्यानं दोनदा सोडली, दोनदा बांधली आणि मग पुरचुंडी अश्विनीपुढं धरली. तिनं भोगीसाठी तीळ निवडायचं थांबवून चिंधीची दोन टोकं धरली, एक पीळ दिला आणि गाठ मारून दिली.

"आमच्याकडं अशी बांधतात," ती म्हणाली.

चिमाजीनं ती ओढून बघितली. सुटली नाही. मग त्यानं मडक्यातली राख हातानं बाजूला केली.